निकेलाचा जमाखर्च

आपल्याकडील ज्या महाविद्यालयांत सेंद्रिय रसायनाचे पदव्युत्तर वर्ग चालतात, त्यांतील बहुतेकांच्या प्रयोगशाळेत, कुलूपबंद कपाटाच्या वरच्या खणात, काळ्या भुकटीची एक चिमुकली बाटली असते, आणि त्या बाटलीतील पॅलेडियम-कार्बन कोणी, कोणत्या दिवशी, किती मिलिग्रॅम घेतला याची नोंद विभागप्रमुखांनी स्वतःच्या हस्ताक्षरात ठेवलेली असते. या कंजूषपणाला कोणी हसू नये. पॅलेडियमचा बाजारभाव निकेलाच्या भावाच्या हजारपटीहून अधिक आहे, आणि वार्षिक अनुदानाची रक्कम ज्यांनी एकदा तरी सहामाहीच्या आत संपताना पाहिली आहे, त्यांना ती वही अनाठायी वाटणार नाही. तेव्हा द्विबंध संपृक्त करणे, नायट्रो गटापासून अमाइन मिळविणे, नायट्राइलचे किंवा कीटोनचे क्षपण करणे, ही नित्याची कामे स्वस्त धातूंवर भागवता येतील काय, असा प्रश्न विद्यार्थी आणि लहान कारखान्यांतील रसायनज्ञ वरचेवर विचारतात. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे. उत्तर होकारार्थी आहे, परंतु त्या होकाराच्या मागे एक लांबलचक जमाखर्च आहे, आणि तो नीट मांडल्याशिवाय कोणी पॅलेडियमची बाटली कपाटात परत ठेवू नये.

वस्तुतः हायड्रोजनीकरणाला खरी चालना स्वस्त धातूनेच मिळाली. १८९७ साली फ्रान्समधील तूलूझ येथे पोल साबात्ये आणि त्यांचे धर्मगुरू सहकारी आबे सांदेरांस यांनी एथिलीन आणि हायड्रोजन यांचे मिश्रण बारीक विभागलेल्या तप्त निकेलावरून नेले, तेव्हा पलीकडे एथेन निघाला, आणि या कार्याबद्दल साबात्ये यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात, १९०२ साली, जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी द्रवरूप तेले घट्ट करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. त्या पेटंटाची दूरची संतती आपल्या स्वयंपाकघरांत पोहोचली ती वनस्पती तुपाच्या रूपाने: मुंबईत शिवडी येथे १९३२ साली त्याचे उत्पादन सुरू झाले, १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव रूढ झाले, आणि पुढे साजूक तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती कायद्याने झाली. डालड्याचा पिवळा डबा ज्या घरात होता त्या घरात निकेलाच्या उत्प्रेरणाचे फळ रोज परातीत पडत होते; मात्र त्याची वार्ता गृहिणीला नव्हती आणि शाळेतील विज्ञानाच्या मास्तरांनीही ती क्वचितच दिली.

मग पॅलेडियम आणि प्लॅटिनम यांचे प्रस्थ का माजले? त्याचे कारण सुखासीनता होय. या धातूंवर हायड्रोजन खोलीच्या तापमानाला, वातावरणाच्या साध्या दाबाखाली, रबरी फुग्यातूनही काम करतो. रात्री फ्लास्क फिरत ठेवावा, सकाळी गाळून घ्यावा. निकेलाच्या बाबतीत धातूच्या भावात वाचलेली रक्कम श्रम, वेळ, उष्णता, दाब आणि दक्षता या रूपांत हप्त्याहप्त्याने वसूल होते. ज्याच्या हाताशी दाबपात्र आहे, मदतनीस आहे आणि धीर आहे, त्याला हा सौदा किफायतशीर पडतो. ज्याला वर्षाकाठी दोनच प्रयोग करावयाचे आहेत त्याने, माझे स्पष्ट मत विचाराल तर, अर्धा ग्रॅम पॅलेडियम-कार्बन विकत घ्यावा आणि शांत झोपावे. त्याने वापरलेला उत्प्रेरक साठवून धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्याकडे परत पाठवला, तर त्या खर्चाचा काही भाग परतही येतो.

स्वस्त उत्प्रेरकांत अग्रपूजेचा मान रेनी निकेलाचा. मरे रेनी हे व्यवसायाने यंत्र-अभियंते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात चॅटनूगा येथे सरकीच्या तेलाच्या हायड्रोजनीकरणाशी त्यांचा संबंध आला, आणि प्रचलित निकेल उत्प्रेरकाहून चांगले काही सापडते काय याचा शोध त्यांनी चालविला. आरंभी त्यांनी निकेल आणि सिलिकॉन यांचा मिश्रधातू घेऊन त्यातील सिलिकॉन क्षाराने विरघळवून काढला. पुढे १९२६ च्या सुमारास सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम योजले. निकेल आणि ॲल्युमिनियम समभाग वितळवून केलेला मिश्रधातू दळावा, कॉस्टिक सोड्याच्या द्रावात टाकावा, ॲल्युमिनियम हायड्रोजन सोडीत विरघळून जावे, आणि मागे निकेलाचा असा सच्छिद्र सांगाडा उरावा की ज्याच्या अंगोपांगी हायड्रोजन अधिशोषित झालेला आहे: एवढीच ती युक्ती. समभागाचे प्रमाण त्यांनी प्रथम घेतले आणि तेच पुढे प्रमाणभूत ठरले, हा योगायोग होता. परंतु योगायोगाचे सोने करण्यास क्षारात बुडवलेले हात लागतात.

हा उत्प्रेरक तयार करण्याच्या अनेक रीती विस्कॉन्सिन विद्यापीठात होमर ॲडकिन्स यांच्या परंपरेत निश्चित झाल्या, आणि त्यांना ‘डब्ल्यू’ या अक्षरापुढे अनुक्रमांक लावून ओळखण्याचा शिरस्ता पडला. त्यांपैकी डब्ल्यू-२ ही रीत नवशिक्याने पत्करावी. डब्ल्यू-६ अधिक क्रियाशील आहे, म्हणूनच नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

१० ग्रॅम मिश्रधातूसाठी सुमारे १३ ग्रॅम कॉस्टिक सोडा ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून, तो द्राव किमान अर्ध्या लिटरच्या बीकरमध्ये घ्यावा आणि बीकर बर्फात बसवावा. बीकर एवढा मोठा कशाला, अशी शंका मिश्रधातूची पहिली चिमूट टाकताच आपोआप फिटते, कारण फेस दुधासारखा वर येतो. हिशेब साधा आहे: १० ग्रॅम मिश्रधातूतील ५ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळताना सुमारे ७ लिटर हायड्रोजन बाहेर पडतो, आणि तो सगळा त्या खोलीत जातो. म्हणून हे काम चालू धुराड्याखाली करावे, आसपास बर्नर, पेटती काडी किंवा ठिणगी टाकणारी मोटर नसावी. मिश्रधातू थोडाथोडा टाकावा, ढवळत राहावे, आणि तापमान २५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये. घाई केल्यास द्राव उसळून बाहेर येतो, आणि तप्त क्षार डोळ्यांत गेल्यास पुढील जन्मभराची तक्रार उरते. सर्व भुकटी संपल्यावर बर्फ काढावा, द्राव खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, आणि मग बाष्पस्नानावर बुडबुडे अगदी मंदावेपर्यंत तापवावा. मूळ रीतीत ही पाळी आठ ते बारा तास चालते.

यानंतरचा धुण्याचा भाग कंटाळवाणा आहे, आणि बहुतेक प्रयोग बिघडतात ते तेथेच. निकेल तळाशी बसले की वरचा द्राव ओतून टाकावा, ताज्या क्षाराने एकदा धुवावे, आणि नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने लिटमस उदासीन दिसेपर्यंत वारंवार धुवावे. वीस वेळा धुतले म्हणून थांबावे असे नव्हे, चाळीस लागल्यास चाळीस. निकेलाच्या छिद्रांत क्षार दडून बसतो. तो उरला की पुढे कीटोन किंवा अल्डिहाइड घेतल्यावर हायड्रोजनीकरणाबरोबर अल्डॉल संघनन सुरू होते, कार्बोनिलशेजारच्या असममित कार्बनाची रचना उलटते, आणि विद्यार्थी मग उत्प्रेरकाला दोष देत वर्णपटाकडे हताशपणे पाहत बसतो. पाण्यानंतर तीनदा ९५ टक्के आणि तीनदा निर्जल इथेनॉलने धुवून, उत्प्रेरक निर्जल इथेनॉलखाली, काठोकाठ भरलेल्या घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावा. १० ग्रॅम मिश्रधातूतून सुमारे ५ ग्रॅम निकेल मिळते.

हे निकेल वाळले की हवेत पेटते. आमच्या उमेदीच्या काळात एका प्रयोगशाळेत, जिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, मी स्वतः गाळण्याचा कागद बुखनर नरसाळ्यावरून उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि शेजारच्या खोलीत चहा पिण्यास गेलो. कागदावर करड्या रंगाचा जेमतेम नखभर थर होता. परत येतो तो टोपली धुमसत होती, आणि टोपलीच्या शेजारी, सुदैवाने बंद, ईथरचा कॅन उभा होता. तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. गाळताना निकेलाचा थर कधीही कोरडा ओढू द्यायचा नाही, वर द्रावकाचा थर राहिला पाहिजे, आणि शेवटचा थेंब ओढण्याच्या आधी पंप बंद. आणि वापरलेला कागद पाण्याने भरलेल्या पात्रात टाकायचा. निकामी निकेल सावकाश विरल आम्लात विरघळवायचे, मग निकेलाच्या लवणांची विल्हेवाट नियमानुसार लावायची. निकेलाची लवणे त्वचेला खाज आणतात आणि दीर्घ संसर्गाने कर्करोगास कारण होतात, म्हणून ती नाल्यात ओतणे हा गुन्हा तर आहेच, पण शेजाऱ्याशी केलेला विश्वासघातही आहे.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळू. साध्या, अडथळा नसलेल्या द्विबंधासाठी द्रव्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के ओला उत्प्रेरक, ३ ते ४ वातावरणांचा दाब आणि २५ ते ५० अंश तापमान पुरते. यासाठी हलणाऱ्या बाटलीचे पार उपकरण पुरेसे आहे. नायट्राइलपासून प्राथमिक अमाइन हवे असेल तर विक्रियेत अमोनिया अवश्य घालावा, अन्यथा तयार झालेले अमाइन मध्यस्थ इमाइनशी जुळून द्वितीयक अमाइनचा मोठा हिस्सा पदरात पडतो. ॲरोमॅटिक वलय संपृक्त करावयाचे तर शंभराहून अधिक अंश आणि शंभराच्या आसपास वातावरणे दाब लागतो, आणि ते काम योग्य दाबपात्र व तपासणीचा दाखला नसलेल्या जागी करू नये. डायऑक्सेन हे द्रावक म्हणून रेनी निकेलाबरोबर उच्च तापमानाला घेऊ नये. २१० अंशांच्या पुढे ते हायड्रोजनबरोबर स्फोटासारखे वागते, ही नोंद जुन्या पद्धती-ग्रंथांत स्पष्ट आहे.

नायट्रो गटाबद्दल स्वतंत्रपणे आणि सावकाश सांगितले पाहिजे, कारण येथे स्वस्त उत्प्रेरकाच्या यशातच धोका आहे. एका द्विबंधाच्या संपृक्तीत मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता निघते. एका नायट्रो गटाचे अमाइन होताना सुमारे ५५० किलोज्यूल निघते. १२.३ ग्रॅम नायट्रोबेन्झीन, म्हणजे अवघा दशांश मोल, घेतला तर सुमारे ५५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि एवढी उष्णता १०० मिलिलिटर पाणी बर्फाच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेऊन वर उरते. प्रयोग १ ग्रॅमवर सुरळीत झाला म्हणून ५० ग्रॅमवर तसाच होईल या भ्रमात कोणी राहू नये. पृष्ठभागाचा विस्तार वजनाच्या मानाने वाढत नाही, आणि उष्णता बाहेर जाण्यास वाट उरत नाही. दुसरी भीती अशी की उत्प्रेरक मंद असेल, तर मध्येच हायड्रॉक्सिलअमाइन साचते. मग तापमान वाढवून गती देऊ पाहणाऱ्याच्या पात्रात ते एकाएकी विघटित होते. म्हणून नायट्रो संयुग थोडेथोडे घालत जावे, हायड्रोजनच्या शोषणावर नजर ठेवावी, आणि शोषण अकारण थांबले तर तापवण्याऐवजी थंड करून कारण शोधावे. दशांश मोल नायट्रोबेन्झीन खोलीच्या तापमानाला सुमारे सव्वासात लिटर हायड्रोजन घेते. हा आकडा आधीच काढून ठेवला तर, विक्रिया पुरी झाली की उत्प्रेरक मेला, याचा निवाडा दाबमापकाचा काटाच देतो.

हायड्रोजनचा सिलिंडर आपल्याकडे लाल रंगाचा असतो आणि त्याच्या झडपेचे आटे डावे असतात, म्हणजे नेहमीच्या सवयीने फिरवल्यास ते सुटण्याऐवजी घट्ट होतात. कोणत्याही अनोळखी रेग्युलेटरला पाना लावण्यापूर्वी हे आठवावे. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर वायू मावतो, म्हणजे वरील नायट्रोबेन्झीनचे जवळजवळ एक हजार प्रयोग. लहान विभागाला तो कित्येक वर्षे पुरतो, पण तेवढ्याच वर्षांची जबाबदारीही घेऊन येतो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की ते मिश्रण पेट घेते, तेव्हा विक्रियापात्रातील हवा आधी नायट्रोजनने पूर्णपणे काढून मगच हायड्रोजन सोडावा, आणि शेवटी हायड्रोजन काढून नायट्रोजन भरल्यावरच पात्र उघडावे. सिलिंडरांच्या साठ्याचा मामला केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येतो, आणि तिचे मुख्य दप्तर नागपुरास आहे. साठा ठरावीक संख्येपलीकडे न्यावयाचा असेल तर गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये परवाना घ्यावा लागतो. अर्ज उशिरा करून आधी साठवण करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. तपासणीच्या दिवशी त्यांची जी धावपळ होते, तिच्यापेक्षा अर्जाचा तपशील वेळेवर भरणे सोपे.

ज्याला दाबाचा सिलिंडरच नको असेल त्याच्यासाठी हायड्रोजन-हस्तांतरणाचा मार्ग आहे. रेनी निकेलाबरोबर हायड्राझिन हायड्रेट अल्कोहोलमध्ये तापवले, तर नायट्रो गट साध्या फ्लास्कमध्ये, संघनक लावून, अमाइनपर्यंत जातो. वायू फसफसत निघतो, म्हणून हायड्राझिन थेंबाथेंबाने घालावे. पद्धत देखणी आहे. परंतु हायड्राझिन विषारी आणि कर्करोगकारक असल्याने, स्वस्त धातूबरोबर आपण एक महाग जोखीम विकत घेत आहोत याचे भान असावे.

रेनी निकेलाच्या पेटण्याची धास्ती ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी टोकियोतील योशियुकी उरुशिबारा यांनी १९५१ मध्ये सुचवलेली रीत मला फार उपयुक्त वाटते, आणि आपल्या महाविद्यालयांत ती जवळजवळ अपरिचित आहे याचे आश्चर्य वाटते. १० ग्रॅम जस्ताच्या भुकटीला थोडे पाणी लावून तापवावे, तीत ४ ग्रॅम निकेल क्लोराइडाचा तप्त द्राव ढवळीत ओतावा. जस्तावर काळे निकेल बसते. ते धुवून मग कॉस्टिक सोड्याच्या १० टक्के द्रावात ५०-५५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवले, तर एक प्रकारचा उत्प्रेरक मिळतो. क्षाराऐवजी विरल असेटिक आम्ल वापरले तर दुसऱ्या प्रकारचा. यात निकेल अवघे एक ग्रॅम असते, रेनी निकेलाच्या मानाने ते हवेत कमी बिघडते, आणि सगळी तयारी दुपारच्या सत्रात उरकते.

तिसरा पर्याय निकेल बोराइडचा. निकेल असेटेटच्या द्रावात सोडियम बोरोहायड्राइड टाकताच काळा अवक्षेप पडतो, आणि तोच उत्प्रेरक. सव्वा ग्रॅम निकेल असेटेटमधून एका प्रयोगापुरते द्रव्य तयार होते, धुण्याची चाळीस पाळ्यांची तपश्चर्या नाही, पेटण्याची भीती कमी. हेच इथेनॉलमध्ये तयार करून थोडे एथिलीनडायअमाइन घातले, तर अल्काइन अल्कीनवर थांबते आणि तेही सिस् रचनेचे मिळते. शिसे आणि क्विनोलिन यांनी मंदावलेल्या लिंडलार पॅलेडियमचे काम त्यामुळे अल्प खर्चात होते. लहान प्रमाणावर काम करणाऱ्याला आज मी प्रथम हाच पर्याय सुचवीन.

तांबे-क्रोमाइट एस्टरपासून अल्कोहोल करण्यास अजोड आहे, पण २५० अंश आणि दोनशे वातावरणांच्या पुढे. ती कारखान्याची गोष्ट. लोखंडाची आणि आम्लाची बेशाँ यांची १८५४ ची रीत वायूरूप हायड्रोजनशिवाय चालते, आणि नायट्रो गटाच्या क्षपणास आजही खर्चात तिला तोड नाही, मात्र लोहऑक्साइडचा चिखल उपसावा लागतो. जर्मनीतील रोस्टॉक येथे मॅथियास बेलर आणि आर. व्ही. जगदीश यांच्या गटाने नायट्रोजनयुक्त कार्बनावर बसवलेले लोहऑक्साइड नायट्रो संयुगांच्या हायड्रोजनीकरणास वापरून दाखवले (२०१३), तेव्हा लोखंडही अखेर या पंक्तीत बसू लागले आहे. पण त्याची तयारी आठशे अंशांच्या भट्टीत होते, आणि ती भट्टी कोणाकडे आहे?

कोणताही निकेल-उत्प्रेरक घ्या, गंधक त्याचा वैरी आहे. सामान्य टोल्युइनमध्ये थायोफीनजातीची अशुद्धी असते, तेवढ्याने उत्प्रेरक निमूट पडतो. उलट, संयुगातून गंधक काढून टाकावयाचा असेल तेव्हा भरपूर रेनी निकेल घेऊन हेच वैर उपयोगाला आणता येते. पारा, शिसे, आर्सेनिक यांचीही तीच कथा. म्हणून मूळ द्रव्य शुद्ध करण्यात कुचराई करू नये. उत्प्रेरक दुप्पट घातल्याने ती भरून निघत नाही.

नवीन तयार केलेल्या निकेलावर महत्त्वाचा प्रयोग करण्याआधी, ८.२ ग्रॅम सायक्लोहेक्सिन इथेनॉलमध्ये घेऊन ते किती वेळात अडीच लिटरांच्या आसपास हायड्रोजन शोषते ते मोजावे आणि वहीत नोंदवावे. पुढच्या वेळी त्याच मापाला दुप्पट वेळ लागला, तर बाटलीतील उत्प्रेरक उतरला असे समजून नवा करावा. कपाटात पडून राहिलेले डब्ल्यू-२ साधारण सहा महिन्यांत निस्तेज होते. आणि बाटलीवर तयारीची तारीख पेन्सिलीने लिहा, शाईने नको. इथेनॉल ओघळले की शाई पुसली जाते.